लहान खोलीसाठी चूल निवडताना

आपल्या भागातील बहुतेक घरांत आता गॅस आला आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतही सिलिंडर पोहोचले. तरीही चूल पूर्णपणे विझलेली नाही. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचे पाणी, भाकरी, कडधान्ये यांसाठी पुष्कळ घरांत आजही लाकूडच जळते. अर्नाळा-निर्मळकडच्या वाड्यांत झावळ्या, करवंट्या, सोडणे फुकट मिळतात. पूर्वेकडे मांडवी, शिरसाड, भाताणे या बाजूला जंगलातला लाकूडफाटा मिळतो. तेव्हा चूल वापरायचीच असेल, तर ती कोणती आणि कोठे, याचा विचार केलेला बरा. विशेषतः जेथे दहा बाय दहाच्या एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास होतो, तेथे हा विचार टाळून चालणार नाही.

धूर का होतो?

लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली, तर ते ज्योतीत जळून जातात. न मिळाल्यास धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच होय. तीन दगडांच्या चुलीत आच चारी बाजूंनी निसटते आणि लाकडातील उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. सुधारित चुलीत ज्योत बंदिस्त असते, खालून जाळीतून हवा येते आणि भांडे तोंडावर नीट बसते. म्हणून आच वाया जात नाही.

हिशेब करून पाहू

वीस लिटरची एक बादली 25 अंशांवरून 45 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 1,680 किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात साधारण 16,000 किलोज्यूल असतात. दहा टक्के कार्यक्षमतेच्या चुलीला या बादलीसाठी एक किलोहून थोडे अधिक लाकूड लागेल. पंचवीस टक्क्यांच्या चुलीला चारशे ग्रॅमच्या आसपास पुरेल. घरात रोज चार बादल्या लागत असतील, तर महिन्याला सुमारे 75 किलो लाकूड वाचते. सरपण विकत घेणाऱ्याचे पैसे वाचतात. ते गोळा करणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे तेवढे ओझे कमी होते.

भारतीय मानक संस्थेचे उचलत्या चुलीसाठी आय.एस. 13152 हे मानक आहे. 2013 च्या सुधारणेनुसार साध्या चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान 35 टक्के असली पाहिजे. विकत घेताना या मानकाची खूण आहे का, ते विचारावे.

परंतु चांगली चूलही खोलीत नको

अनेकांचा समज असा की सुधारित चूल आणली म्हणजे खोली सुरक्षित झाली. हिशेब वेगळेच सांगतो. याच मानकात भांड्याला मिळालेल्या दर 1,000 किलोज्यूलमागे 5 ग्रॅमपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. आपल्या एका बादलीमागे तो 8.4 ग्रॅम होईल. नऊ फूट उंचीच्या दहा बाय दहा खोलीत सुमारे 25 घनमीटर हवा असते. दार-खिडकी बंद असून सारा वायू आतच राहिला, तर एका घनमीटरमागे सुमारे 330 मिलिग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेने एका तासासाठी 35 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसलेली कोळशाची शेगडी थंडीत बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतते, ते यामुळेच.

म्हणून निवड अशी करावी :

1. फक्त एक बंद खोली असेल, तर आत लाकडाची चूल किंवा शेगडी मुळीच नको. आत गॅसच बरा.

2. पडवी, ओटा किंवा मोकळे अंगण असेल, तर उचलती चूल घ्यावी आणि बाहेरच पेटवावी. शेजाऱ्याच्या खिडकीखाली मात्र मांडू नये.

3. चूल आतच हवी असेल, तर ती धुराड्याची, एका जागी बांधलेली हवी. समोरासमोर झरोके असावेत. धुराडे छपराच्या वर निदान दोन फूट काढावे. झावळ्यांच्या किंवा गवताच्या छपराला गरम नळी टेकू देऊ नये. नळी ॲस्बेस्टॉसची नको.

मागील अनुभव

केंद्र सरकारने 1983 च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 पर्यंत चालला आणि देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने या क्षेत्रात मोठे काम केले. संस्थेची ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची, धुराडे असलेली चूल आहे, तर ‘भाग्यलक्ष्मी’ धुराड्याविना आहे. असे असूनही देशभरातील पुष्कळ चुली काही वर्षांतच बंद पडल्या. काजळीने धुराडी तुंबली, घरातली भांडी तोंडावर बसेनात, दुरुस्तीला कोणी आले नाही. यातून घ्यायचा धडा साधा आहे. आपले पातेले आणि तवा सोबत नेऊन चूल निवडावी, स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारूनच निवडावी आणि महिन्यातून एकदा धुराडे साफ करावे.

सरपणाची काळजी

ताज्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचेच असते. ते पाणी उडवण्यात आच खर्च होते आणि धूर वाढतो. म्हणून लाकूड मनगटाएवढे फोडून, पावसाळ्यापूर्वी वाळवून, जमिनीपासून वर आडोशाला रचावे. वालीव-गोखिवऱ्याकडील कारखान्यांतून मिळणारी रंगवलेली फळी किंवा प्लायवूड चुलीत घालू नये. पेटवणासाठी प्लॅस्टिकची पिशवी तर कधीच नको.

धुराचा त्रास सर्वात जास्त घरातील आईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला होतो. लहानग्यांचा न्यूमोनिया आणि मोठ्यांचे फुप्फुसांचे जुनाट विकार यांचा धुराशी संबंध सिद्ध झालेला आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून वरील हिशेब वहीत स्वतः करून पाहावा आणि घरच्यांना समजावून सांगावा. चूल दाराबाहेर नेण्याला पैसा लागत नाही. ती सुधारणा आजच करता येईल.