मरळ, भाकरी आणि पपईचा साल्सा

मैत्रिणींनो, आमच्या इस्लापूरला पाहुणे आले की दोन गोष्टी हमखास विचारतात. सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी किती आहे, आणि नदीची मासळी मिळेल का? पैनगंगा इथून जवळच. अलीकडचा काठ आमच्या किनवट तालुक्याचा, पलीकडचा यवतमाळ जिल्ह्याचा. त्यामुळे ज्यांनी समुद्र कधी बघितला नाही, त्यांच्याही घरी इथे माशाचा रस्सा रटरटतो.

आज मात्र रस्सा नाही. आज 'फिश टाको' हा मेक्सिकोचा पदार्थ सांगणार आहे. नाव वाचून पान उलटू नका बरं का! मऊ रोटी, तिच्यात तिखट भाजलेला मासा आणि वरून फळांची आंबट-गोड कोशिंबीर, एवढंच ते प्रकरण. त्या कोशिंबिरीला तिकडे साल्सा म्हणतात. पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं सुटीत हे घरी केलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे तर भाकरीवरचं भाजलेलं मासंच हाय की गं!" खोटं नाही ते. तिकडे रोटी मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात. त्यानं पीठ मळायला सोपं जातं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्वही अंगी लागतं. गंमत म्हणजे मिरची, मका, टोमॅटो, पपई, पेरू हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलंच. गेल्या पाचशे वर्षांत जहाजांतून इकडे आलं, त्यातलं बरंचसं पोर्तुगीजांनी आणलं. आपण त्याला केव्हाच घरचं करून टाकलंय.

मासा घ्यायचा तो मरळ. रोहू चवीला छान, पण त्याचे बारीक काटे भाकरीच्या घडीत दिसत नाहीत. बाजारातल्या मावशी नेहमी सांगतात, "मरळ ने बाई, लेकरायला काटा लागत न्हाई." तरी भाजल्यावर बोटांनी एकदा चाचपून घ्याच.

पाच जणांना एक किलोची मरळ पुरते. राख चोळून तिचा चिकटपणा काढा, स्वच्छ धुवा. डोकं-शेपटी बाजूला ठेवून तुकडे करा, त्यांना चिरा द्या. मीठ, हळद आणि एका लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटं ठेवा. मग दहा-बारा लसूण पाकळ्या, आलं, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर धने-जिरे पूड आणि थोडं तेल असं वाटण चोळा. निखारे चांगले फुलू द्या. जाळ असताना जाळी ठेवली तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटं भाजा, मधूनच अर्धा कांदा तेलात बुडवून वरून फिरवा. मांस पांढरं होऊन पाकळ्यांसारखं सुटलं की झालं. गॅसवाल्यांनी तवा वापरावा. चव उतरते थोडी, पण चालतं.

साल्साला अर्धी कच्ची-अर्धी पिकलेली पपई बारीक चिरा. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. उन्हाळ्यात कैरी, हिवाळ्यात पेरू. सीताफळ आमच्याकडे मुबलक, पण त्याचा लगदा होतो. ते नुसतंच खावं. हॉटेलात वर मलईचं काहीतरी ओततात. माशावर दूध-दही आमच्या घरी चालत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

भाकरी ज्वारीची, तळहाताएवढी, पातळ. पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळलं तर भाकरी दुमडताना तुटत नाही. गरम असतानाच फडक्यात गुंडाळून ठेवा.

आता माझ्या मनातलं सांगते. बचत गटाच्या कामानं मी पुष्कळ घरी जाते. रश्श्याचं पातेलं पुरुषांकडून, पोरांकडून फिरत बाईपर्यंत येतं तेव्हा त्यात रस्सा असतो, तुकडा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. ज्वारीतलं लोह अंगी लागायला लिंबू, पेरू, पपई मदत करतात आणि माशाचीही साथ होते. पण तो मासा आधी ताटात तर यायला हवा! टाकोत तुकडे मोजलेले असतात. पंधरा भाकऱ्या, माणशी तीन. सगळं मधोमध मांडायचं, ज्यानं त्यानं भरून घ्यायचं. वाढायला कुणी उभं राहायचं नाही. आमच्या गटातल्या एका सुनेनं हे केलं, तर सासरा म्हणाला, "तू बी बस की." लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

आणि हो, डोकं-शेपटी टाकू नका. येसर लावून त्याचा रस्सा संध्याकाळी करा. डोक्याजवळचं मांस सगळ्यात गोड लागतं.