गुडघा नवा, आता चाला की!

गुडघा किंवा खुबा बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे हमखास सांगतात, ‘आता जपा हं, फार हालचाल नको.’ सांगतात ते मायेपोटीच, पण नवा सांधा बसवतात तो वापरण्यासाठी! त्याला हलवणारे स्नायू तर पडून राहिल्याने आणखी अशक्त होतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाने वाचावी अशी ही भन्नाट माहिती.

हस्तिदंताचा सांधा
१८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक या सर्जननी क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात चक्क हस्तिदंती सांधा बसवला. जंतुसंसर्गामुळे हे प्रयोग टिकले नाहीत. पुढे १९६० मध्ये म्यानमारमधल्या मंडालेच्या डॉ. सान बॉ यांनी ८३ वर्षांच्या बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंती गोळा बसवला. अशा तीनशेहून अधिक शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. त्यांचे रुग्ण चालत, उकिडवे बसत, सायकलही चालवत!

दातांच्या दवाखान्यातून आलेलं सिमेंट
आजच्या खुबा-शस्त्रक्रियेचा पाया घातला इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातल्या जॉन चार्नली यांनी. धातूचा लहान गोळा आणि प्लास्टिकची वाटी, अशी जोडी त्यांनी १९६२ मध्ये बसवली. त्याआधी वापरलेलं टेफ्लॉन भराभर झिजलं होतं. सांधा हाडात पक्का बसवायला त्यांनी वापरलं अ‍ॅक्रिलिक सिमेंट. कवळ्या बनवायला वापरतात, त्याच जातीचं!

अख्खा गुडघा काढत नाहीत
‘गुडघा बदलला’ म्हणजे पूर्ण गुडघा कापून काढला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांचा झिजलेला थर, साधारण एक सेंटिमीटर, काढून त्यावर धातूचं आवरण चढवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. बाजूचे मुख्य अस्थिबंध आणि स्नायू तुमचेच राहतात. म्हणूनच व्यायामाला पर्याय नाही.

पंतप्रधानही चालले
अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. शस्त्रक्रिया केली न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा आठवड्यांत, वयाच्या ७६व्या वर्षी, वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेत पाकिस्तानच्या मुशर्रफ यांच्याशी चर्चा करत होते.

मैदान पुन्हा गाजवणारे
• अमेरिकेचा बो जॅक्सन १९९३ मध्ये कृत्रिम खुबा घेऊन बेसबॉलच्या मैदानात परतला आणि पहिल्याच संधीला चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला.
• गोल्फपटू टॉम वॉटसनने खुबा बदलून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा २००९ ची ब्रिटिश ओपन जवळजवळ जिंकली. वय ५९!
• अँडी मरेच्या खुब्यात जानेवारी २०१९ मध्ये धातू बसवला. ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची टेनिस स्पर्धा जिंकली.
• स्कीइंगपटू लिंडसे व्हॉनने २०२४ मध्ये गुडघ्याचा खराब भाग बदलून घेतला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, विश्वचषक शर्यतीत दुसरी आली.

हे सारे कसलेले खेळाडू. आपल्यासाठी चालणं, पोहणं, सायकल, बागकाम उत्तम. धावणं, उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ बहुतेक सर्जन टाळायला सांगतात.

अडखळलात तर आठपट!
बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवून भार मोजला. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास भार येतो. नुसतं अडखळलं, तरी तो आठपटीच्या घरात जातो. तेव्हा घरात सरकणारी पायपुसणी, जमिनीवरच्या वायरी आणि ओली फरशी आधी बघा. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवाच.

काठी कुठल्या हातात?
दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात! त्यामुळे ऑपरेशन झालेल्या खुब्याच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो. जिन्यावर लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या पुढे कधी चढायच्या असतील, तर सराव घराच्या चार पायऱ्यांपासून.

उशी? गुडघ्याखाली अजिबात नको
उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि मग पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली.

अंशांचा हिशेब
सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी पुरतो. जिना आणि खुर्चीसाठी ९०-१०० अंश लागतात. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० किंवा त्याहून जास्त. बदललेला गुडघा साधारण ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो. पंगतीत पाटाऐवजी खुर्ची मागायला संकोच नको आणि कमोड तर हवाच. खुबा बदललेल्यांनी मांडी घालण्याआधी सर्जनना विचारावंच.

टक्-टक्, बधिरपणा आणि विमानतळ
चालताना बारीक टक्-टक् ऐकू येते? धातू-प्लास्टिकचा तो आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला थोडी जागा बधिर राहणं, काही महिने सूज आणि उष्णता जाणवणं हेही नेहमीचंच. विमानतळावर यंत्र वाजलं तर घाबरू नका, सांधा बदलल्याचं आधीच सांगा. पण पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय.

टिकतो किती?
‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. इतकी वर्षं बसून काढायची?

आणि खरी गंमत
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती कुठलीही गोळी परत देत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज, कंटाळा आला तरी, केल्यानेच ती येते. म्हणून आई-बाबांचा गुडघा बदलला असेल, तर ‘बसून राहा’ म्हणू नका. ‘चला, मीही येतो’ म्हणा आणि चपला घाला.