गाईंनी खाल्लेली शाळा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात बायर्ड नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गावाजवळ एक लहानशी शाळा बांधली गेली. भिंती होत्या सुक्या गवताच्या दाबून बांधलेल्या गासड्यांच्या. त्यांना गिलावा केलेला नव्हता. १९०२ साली आसपासच्या गाईंनी ही शाळा खाऊन टाकली, असे सांगतात!

वर्गात ही गोष्ट सांगितली तर हशा पिकेल. पण त्यानंतर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : लोकांनी मुळात गवताची शाळा बांधलीच का? त्याच राज्यातील आर्थर या गावी १९२८ साली काडाच्या गासड्यांचे एक चर्च बांधले गेले. ते अजून उभे आहे. मग एक इमारत गाईंच्या पोटात गेली आणि दुसरी टिकली, असे का झाले? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र दडलेले आहे.

लाकूड नाही, माती नाही

नेब्रास्काचा सँडहिल्स हा भाग म्हणजे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या. झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे बांधायला लाकूड नाही आणि जाळायलाही नाही. इतरत्र वसाहतवाले मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरे बांधत. इथली रेताड माती हातातच फुटे. हिवाळ्यात मात्र पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो. अशा ठिकाणी घर गरम ठेवता आले नाही, तर प्रश्न गैरसोयीचा नसतो, जिवाचा असतो.

त्याच सुमारास घोड्यांच्या बळावर चालणारी दाबयंत्रे आली होती. त्यांतून गवताच्या आणि काडाच्या चौकोनी गासड्या निघत. कोणाला तरी त्या मोठ्या विटांसारख्या दिसल्या असाव्यात. तात्पुरता निवारा म्हणून रचलेली ही घरे लोकांच्या अपेक्षेपेक्षा उबदार निघाली, आणि तात्पुरती घरे कायमची झाली.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. चाऱ्याचे गवत जनावरांना आवडते. गहू किंवा राय मळून दाणे काढल्यावर उरलेले काड पोकळ, चिवट आणि कमी पौष्टिक असते. म्हणून आज घरासाठी काडच वापरतात, आणि ते उघडे कधीच ठेवत नाहीत.

ऊब काडाची की हवेची?

आपल्याकडे कैऱ्या पिकवायला पेंढ्यात अढी घालतात. बर्फाची लादी वितळू नये म्हणून ती भुशात गुंडाळतात. एके ठिकाणी ऊब आत राहते, दुसरीकडे ती बाहेर अडते. दोन्हीकडे काम एकच : उष्णतेचा प्रवास रोखणे.

हे काम खरे तर काड करत नाही, काडात अडकलेली हवा करते. हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पण मोकळ्या हवेत अभिसरण सुरू होते. तापलेली हवा वर जाते, थंड हवा खाली येते आणि उष्णता वाहून नेली जाते. गासडीत काड्यांच्या पोकळीत आणि काड्याकाड्यांमध्ये हवेचे असंख्य लहान कप्पे तयार होतात. तेथे हवेला हलायला जागाच राहत नाही.

आता थोडे गणित करू. विटेची उष्णतावाहकता साधारण ०.७ आणि गासडीची साधारण ०.०६ धरू (एकक : वॅट प्रति मीटर प्रति अंश सेल्सिअस). भिंतीचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर, आत २० अंश आणि बाहेर उणे २० अंश, म्हणजे फरक ४० अंशांचा.

२३ सेंटिमीटर जाडीची विटेची भिंत : ०.७ × १० × ४० ÷ ०.२३ = सुमारे १२०० वॅट.

४५ सेंटिमीटर जाडीची काडाची भिंत : ०.०६ × १० × ४० ÷ ०.४५ = सुमारे ५३ वॅट.

भिंतीच्या दोन्ही पृष्ठभागांलगत हवेचा पातळ थर असतो. तोही थोडा रोध करतो. तो हिशेबात धरला तर विटेचा आकडा ८०० वॅटच्या आसपास येतो, काडाचा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे पहिल्या घरात या एकाच भिंतीपायी एक छोटी शेगडी सतत पेटती ठेवावी लागेल, तर दुसऱ्या घरात एका साध्या जुन्या दिव्याइतकी उष्णता पुरेल. जळणाचा दुष्काळ असलेल्या मुलखात या फरकाचे मोल काय, ते वेगळे सांगायला नको.

आगीची भीती

काडाचे घर पेट घेणार नाही का? रद्दीचा सुटा कागद भुर्रकन जळतो, पण घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याच्या कडाच तेवढ्या काळ्या पडतात, हे आपण पाहिलेले असते. आत ऑक्सिजन पोचत नाही. वर चुन्याचा किंवा मातीचा जाड गिलावा असेल तर ज्योतही काडापर्यंत सहज पोचत नाही. २००६ साली अमेरिकेत झालेल्या अग्निचाचण्यांत मातीचा गिलावा असलेली भिंत एक तास, तर चुना-सिमेंटचा गिलावा असलेली भिंत दोन तास टिकली. खरा धोका असतो तो बांधकाम चालू असताना, जमिनीवर पसरलेल्या सुट्या काडाचा.

खरा शत्रू : पाणी

अढीत ओल शिरली तर आंबे सडतात. काडाच्या भिंतीचेही तेच. गासडी रचताना तिच्यातील पाण्याचे प्रमाण वजनाच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी असावे. ते दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिले आणि जोडीला ऊब मिळाली की बुरशी धरते आणि काड कुजू लागते.

पाऊस आणि जमिनीची ओल हे शत्रू डोळ्यांना दिसतात. त्यासाठी जोते उंच घेतात आणि छपराच्या वळचणी रुंद ठेवतात. खिडकीच्या खालच्या कडेची विशेष काळजी घेतात. कोकणातील मातीच्या घरांचे उंच जोते आणि पुढे आलेले छप्पर यांमागेही हाच विचार आहे.

थंड प्रदेशात आणखी एक, न दिसणारा शत्रू असतो. श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, आंघोळ यांमुळे घरातील हवेत वाफ साठते. २० अंशांना एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरून ठेवते, शून्य अंशाला फक्त ५ ग्रॅम. ही उबदार हवा भेगांतून भिंतीत शिरली की बाहेरच्या थंड बाजूला तिच्यातील वाफेचे पाणी किंवा हिमकण होतात. ऐन हिवाळ्यात त्या थंडीत बुरशी वाढत नाही. वसंतात हिमकण वितळतात, भिंत उबदार होते, आणि तेव्हा ओल सुकली नाही तर कुजणे सुरू होते.

यावर उपाय दोन. एक, आतील गिलाव्यात आणि खिडक्या-दारांच्या सांध्यांत फट राहू द्यायची नाही. दोन, बाहेरचा गिलावा असा हवा की जी थोडी वाफ आत शिरेल ती बाहेर पडू शकेल. माती आणि चुना हे करू देतात. बाहेरून दाट सिमेंट किंवा तैलरंग चढवला, तर भिंत मजबूत दिसते पण आतून कुजू शकते.

आज

२००५ साली ईशान्य चीनच्या कडक थंडीत बांधलेल्या सहाशेहून अधिक काडाच्या घरांच्या प्रकल्पाला जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत २०१५ पासून अशा घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे.

मग आपणही अशी घरे बांधावीत का? घाई नको. आपल्याकडे चार महिने दमट हवा असते, वाळवी असते, आणि दुष्काळी भागात कडबा हा घरापेक्षा जनावराच्या दावणीत अधिक मोलाचा असतो. नेब्रास्काच्या लोकांकडून घ्यायची ती पद्धत नव्हे, दृष्टी : हाताशी काय आहे, आणि त्याचा शत्रू कोण?

करून पाहा

एकसारखे तीन स्टीलचे पेले घ्या. तिन्हींत सारखेच गरम पाणी भरा आणि झाकण ठेवा. एक पेला उघड्यावर ठेवा, दुसरा सुक्या पेंढ्याने दाबून भरलेल्या खोक्यात आणि तिसरा ओल्या पेंढ्याच्या खोक्यात. दर दहा मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक असते, एवढेच आधी सांगा. ओला पेंढा ऊब का राखू शकत नाही, हे मुलांना आलेखावरून स्वतःच सांगू द्या.