पिसू कुणाच्या घरची?

विंचूमाशीच्या पंखांच्या शिरांचे प्रकरण आज यायचे होते, ते आठवडाभर पुढे गेले आहे. कारण सोलापूरहून आलेले एक पोस्टकार्ड. विंचूमाशीच्या नराच्या शेपटावरची नांगी डंख मारत नाही, तो प्रजननाचा अवयव आहे, हे वाचून एका वाचकाने विचारले आहे : ‘कुत्र्याच्या अंगावरची पिसूही विंचूमाशीच, असे मुलीच्या पुस्तकात आहे. हे खरे का?’ असा प्रश्न आल्यावर शिरांना थांबावेच लागते.

दोघींना शेजारी ठेवले तर नाते जुळणे कठीण. विंचूमाशीला चार लांबट पंख, खाली वळलेली चोच आणि त्या चोचीच्या टोकाशी चावणारे जबडे. पिसूला पंखच नाहीत. अंग दोन्ही कुशींकडून दाबल्यासारखे चपटे आणि तोंडात रक्त ओढणाऱ्या सुया. लिनियसने 1758 मध्ये विंचूमाशी जाळीदार पंखांच्या कीटकांत ठेवली आणि पिसू बिनपंखी प्राण्यांच्या गटात. त्या गटात उवा, कोळी, खेकडे होते आणि खराखुरा विंचूही होता! पंख नसणे एवढाच निकष धरला की असा बाजार भरतो.

पिसूच्या पूर्वजांना पंख होते, हे तिच्या आयुष्यक्रमावरून ओळखता येते. अंडे, बिनपायांची अळी, कोष आणि मग प्रौढ पिसू. फुलपाखरे, भुंगेरे, माश्या यांचा क्रमही हाच. म्हणजे तिचे पंख मागाहून गेले. पण ती कुणापासून फुटली?

इथे उडी कामाला येते. पिसूच्या उडीचे महत्त्व मुंबई इलाख्याने फार मोठी किंमत देऊन ओळखले. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातल्यानंतर, 1898 मध्ये, फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी तेव्हा याच इलाख्यात असलेल्या कराचीत एक प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेगने आजारी आणि पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांना एकमेकांना शिवता येत नव्हते. मधले अंतर पिसवांनी ओलांडले आणि वरचा उंदीरही प्लेगने मेला.

ही उडी निव्वळ स्नायूंच्या बळावर होत नाही. पिसूच्या छातीत रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते. स्नायू ती सावकाश दाबतात, मग खटका सुटतो आणि साठलेली शक्ती क्षणात पायांत उतरते. हेच रेझिलिन टोळ आणि चतुर यांच्या पंखांच्या सांध्यांतही असते. पिसूची गादीही पंखाच्या सांध्याच्याच जागी बसलेली आहे. पंख गेले, त्यांची स्प्रिंग राहिली.

आता युरोपातल्या हिवाळ्यात जाऊ. बर्फावर चार-पाच मिलिमीटरचा एक काळसर कीटक टुणटुण उड्या मारताना दिसतो. तो शेवाळ खातो. त्याला उडता येत नाही. नराचे पंख आकड्यांसारखे उरले आहेत, मीलनाच्या वेळी मादीला धरण्यापुरते. हा बोरियस, विंचूमाशीच्याच गणातला. इंग्रजीभाषक लोक त्याला फार पूर्वीपासून ‘बर्फातली पिसू’ म्हणत आले आहेत. केंब्रिजचे माल्कम बरोज यांनी त्याची उडी तपासली, तेव्हा तिथेही रेझिलिन सापडले.

अमेरिकेतील मायकल व्हाइटिंग यांनी 2002 मध्ये जनुके लावून पाहिली आणि पिसू बोरियसची सर्वात जवळची नातलग ठरवली. शरीरातले पुरावेही जुळत होते : अन्ननलिकेच्या शेवटी असलेल्या पिशवीतले काटे, मज्जागुच्छांची जोडणी, लिंगगुणसूत्रांची संख्या.

पण इथे एक वळण आहे, आणि या साऱ्या कथेत तेच सर्वात रंजक. ब्रिस्टलच्या संशोधकांसह एका चमूने 2020 मध्ये जनुकांचा फार मोठा संच वापरला, तेव्हा पिसूची बहीण म्हणून बोरियस नव्हे, तर नॅनोकोरिस्टा पुढे आली. ही दक्षिण गोलार्धातली विंचूमाशी : ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका. तिची अळी पाण्यात राहते. प्रौढ माशीचे जबडे निकामी झालेले असतात आणि ती पातळ अन्न शोषून घेते. म्हणजे बोरियसशी साम्य पायांत, तर नॅनोकोरिस्टाशी तोंडात. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : पिसू विंचूमाश्यांच्या झाडावरच बसते, बाहेर नाही. तसे मानले, तर सुमारे 600 जातींच्या या गणात पिसवांच्या अडीच हजार जातींची भर पडते आणि पाहुणेच यजमानांहून चौपट होतात.

जीवाश्मांतही तिचा माग लागतो. चीनमधल्या दाओहुगो येथील साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून 2012 मध्ये प्राचीन पिसवांचे वर्णन झाले. मादी 20 मिलिमीटरहून लांब, आजच्या पिसूपेक्षा कितीतरी मोठी. सोंड लांब, करवतीसारख्या दात्यांची. मागचे पाय मात्र उडीचे नव्हते. म्हणजे रक्त पिणे आधी आले, उडी मागाहून. त्या सोंडा कुणाच्या कातडीत शिरत होत्या, पिसे असलेल्या डायनोसॉरच्या की केसाळ सस्तनांच्या, यावर अजून वाद चालू आहे.

त्याच दाओहुगोच्या खडकांत लांब पंखांच्या विंचूमाश्याही दबल्या आहेत, शिरांसकट. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे.