राजगादीवरच्या स्त्रिया (भाग ६) : अरक्कलच्या बीवी आणि मिनिकॉय

कण्णूरच्या अरक्कल घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे जात नसे. आईच्या वंशात वयाने जो सर्वांत मोठा, त्याची गादी. पुरुष असला तर तो अली राजा, स्त्री असली तर ती अरक्कल बीवी. गेल्या आठवड्यात आपण पाहिलेल्या राण्या नवरा वारला किंवा मुलगा अज्ञान होता म्हणून कारभारात आल्या. केरळातल्या या मुसलमान राजघराण्यातली बीवी स्वतःच्या हक्काने गादीवर बसायची.

जमिनीवर राज्य बेताचंच होतं. कण्णूरचं बंदर आणि त्याच्या आसपासचा मुलूख. मोठी मिळकत समुद्रात होती, लक्षद्वीपची बेटं.

या घराण्यातल्या बीवींमध्ये सर्वांत दीर्घ कारकीर्द जुनुमाबे बीवीची, १७७७ ते १८१९. एवढ्या काळात तिने म्हैसूरचा हैदर पाहिला, त्याचा मुलगा टिपू पाहिला आणि इंग्रजही पाहिले. १७८३ मध्ये इंग्रजांनी कण्णूर घेतलं, तिला कैद केलं. मंगळूरच्या तहानंतर शहर परत मिळालं. १७८९ मध्ये टिपू स्वतः कण्णूरला आला आणि तिच्या मुलीचा संबंध त्याचा मुलगा अब्दुल खालिक याच्याशी जुळवण्यात आला. पुढच्याच वर्षी टिपूविरुद्धच्या युद्धात मुंबईचा इंग्रज गव्हर्नर अ‍ॅबरक्रॉम्बी फौज घेऊन मलबारात उतरला आणि बीवीला शरण जावं लागलं. टिपू हरल्यावर १७९२ मध्ये त्याचे जे दोन मुलगे ओलीस म्हणून इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याच्या स्वाधीन झाले, त्यांतला एक हाच अब्दुल खालिक. बीवीने मात्र हातचं सगळं सोडलं नाही. १७९६ मध्ये वर्षाला १५,००० रुपये भरायच्या करारावर तिने बेटं आपल्याकडे ठेवली.

तिच्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण हा पैसा यायचा कुठून, हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही. तो यायचा काथ्यातून. बेटांवरच्या बायका नारळाची सोडणं किनाऱ्यालगतच्या खड्ड्यांत खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायच्या, मग काढून बडवायच्या आणि तळहातावर सुंभ वळायच्या. या काथ्याचा मक्ता राजघराण्याकडे. दर ठरवणार तेच, बदल्यात तांदूळ देणार तेच. बेटावर भात पिकत नाही, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. उत्तरेकडच्या अमिनी बेटावरच्या लोकांना हे इतकं जाचक झालं की ते थेट टिपूकडे दाद मागायला गेले. १७८७ मध्ये टिपूने उत्तरेकडची बेटं स्वतःकडे घेतली आणि बीवीला त्याबदल्यात दुसरीकडे जहागीर दिली. इंग्रजांपुढे ठाम उभी राहिलेली ही बाई बेटकऱ्यांना कठोर मालकीण वाटली असणार, आणि त्यांचं म्हणणं मला खरं वाटतं.

मिनिकॉय या सगळ्यात वेगळं पडतं. इतर बेटांपासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, मालदीवच्या वाटेवर. लोक त्याला मलिकु म्हणतात, बोलतात मालदीवची धिवेही, लिहितात उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या थाना लिपीत. मालकी कण्णूरची असली तरी बेटाचं रोजचं जगणं बेटानेच चालवलं. गावाच्या दहाअकरा वाड्या, प्रत्येक वाडीत पुरुषांचा एक प्रमुख आणि बायकांची वेगळी प्रमुख. घर आईच्या वंशाचं, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. पुरुष वर्षानुवर्षं जहाजांवर नोकरीला असत, मागे गाव बायकाच सांभाळत. कण्णूरच्या वाड्यात आणि या वाड्यांत, दोन्हीकडे आईचाच वंश मोजला जाई. वाड्याचा मक्ता गेला, वाड्यांतली ही रीत मात्र टिकून राहिली.

इथली कुप्प्याची, म्हणजे ट्यूनाची, मासेमारीही बघण्यासारखी. आधी प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात छोटे मासे धरायचे आणि होडीच्या तळाशी पाण्यात जिवंत ठेवायचे. भर समुद्रात कुप्प्यांचा थवा दिसला की ते फेकायचे, वर पाणी शिंपडत राहायचं. कुप्पे खवळून वर येतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा वर उचलला की आपसूक सुटून होडीत पडतो. पुढे तुकडे करून उकडायचे, धुरावर धरायचे, उन्हात लाकडासारखे कडक होईपर्यंत वाळवायचे. हाच मास्मिन.

अरक्कलची सत्ता संपली ती लढाईने नव्हे, थकबाकीने. १८४७ च्या वादळात अंद्रोत आणि कल्पेनी ही बेटं उद्ध्वस्त झाली. खंडणी तुंबत गेली, इंग्रजांनी बेटं एकदा जप्त केली, परत दिली, १८७५ मध्ये पुन्हा घेतली. १८८५ मध्ये मिनिकॉयला दीपगृह उभं राहिलं तेव्हा कारभार इंग्रजांच्याच हाती होता. शेवटी १९०८ मध्ये इंबिची बीवीने वर्षाला २३,००० रुपयांच्या मालिखान्यावर, म्हणजे तनख्यावर, बेटांवरचा हक्क सोडून दिला. राजघराण्याच्या जमिनींना बेटांवर आजही ‘पंडारम’ म्हणतात आणि त्यांच्या हक्काचे वाद अजून मिटलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मिनिकॉयहून आणखी दक्षिणेला जाऊ : १४ व्या शतकातली मालदीवची सुलताना खदीजा, आणि तिच्या राज्यात काझी म्हणून काम केलेला इब्न बतूता.