गिळलं, पण पचलं नाही

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची एक बुरशी मुक्काम करते, बाळांनो. धूळ उडाली की तिचे कण श्वासावाटे आपल्या छातीत जातात. तुमच्याही गेले असतील, माझ्याही. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. परकं काही दिसलं की गिळायचं आणि आतल्या आम्लात जिरवून टाकायचं, हे त्यांचं काम.

पण ही बुरशी मोठी चिवट. भिजलेल्या सब्जाच्या बीभोवती बुळबुळीत थर येतो ना, तसलं कवच तिच्याभोवती असतं. तिच्यामुळे आजारी पडलेल्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात डॉक्टर काळी शाई मिसळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सगळीकडे काळोख, आणि त्यात एकेका बुरशीभोवती लख्ख वलय! शाईला त्या कवचात शिरताच येत नाही. भक्षक पेशीलाही ती सहजी धरता येत नाही. धरून गिळली, तरी ती त्या आम्लातच वाढू लागते. कधीकधी तर ती पेशीतून अलगद बाहेर पडते, आणि दोघीही जिवंत राहतात. प्रयोगशाळेत हे दृश्य टिपलं गेलं ते २००६ साली.

फुप्फुसातून निसटलेली बुरशी रक्तावाटे मेंदूपर्यंतही जाते. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणलेल्या असतात. बुरशी त्या कधी स्वतःच ओलांडते. पण मला थक्क करते ती तिची दुसरी वाट: गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात बसून ती आत पोचते. जिला मारायला नेमलं, तीच तिचं वाहन होते!

मेंदूचे स्वतःचे रक्षक असतात, मायक्रोग्लिया. पण एकट्यानं त्यांचं फारसं चालत नाही. सीडी-४ जातीच्या टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, तेव्हा कुठे भक्षक पेशींना गिळलेलं मारायचं बळ येतं. एचआयव्ही नेमक्या याच टी-पेशी संपवतो. म्हणून एड्सच्या रुग्णांना या बुरशीचा मेंदूज्वर फार गाठतो.

मग एचआयव्हीची औषधं देऊन टी-पेशी लवकर परत आणाव्यात, असं तुम्हाला वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत १७७ रुग्णांवर हे तपासून पाहिलं. ही औषधं मेंदूज्वराच्या निदानानंतर एक-दोन आठवड्यांतच सुरू केलेल्यांपैकी सहा महिन्यांत ४५ टक्के दगावले. पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. कवटी हाडाची, ती काही ताणत नाही. बुरशी अजून ठासून भरलेली असताना टी-पेशी जाग्या झाल्या, तर त्यांच्या माऱ्यानं येणारी सूज मेंदूलाच चेपू शकते. म्हणून आता आधी ॲम्फोटेरिसिनसारखी बुरशीनाशकं देऊन शत्रूची संख्या उतरवतात, कण्यातून पाणी काढून डोक्यातला दाब कमी करतात, आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी एचआयव्हीचं औषध सुरू करतात.