पाठीवरची टाकी ऑक्सिजनची नव्हे!

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कुबा डायव्हिंग करून परतलेला पर्यटक 'पाठीला ऑक्सिजनचा सिलिंडर बांधला होता', असे हमखास सांगतो. प्रत्यक्षात त्या टाकीत असते ती आपण एरवी घेतो तीच हवा. फक्त गाळून, कोरडी करून सुमारे २०० बार दाबाने भरलेली. तिच्यात ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते. हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. दाब वाढतो तसा शुद्ध ऑक्सिजन शरीराला विषारी ठरू लागतो. सुमारे सहा मीटरपेक्षा अधिक खोलीवर तो घेतल्यास झटके येऊन पाणबुड्याचा जीव जाऊ शकतो. म्हणूनच या क्षेत्रात 'हवा' आणि 'ऑक्सिजन' या शब्दांची गल्लत चालत नाही.

'स्कुबा' हा शब्दही आद्याक्षरांतून घडला आहे. 'सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस', म्हणजे पाण्याखाली श्वसनासाठी स्वतःबरोबर नेता येणारे स्वयंपूर्ण साधन. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कुस्तो आणि एमील गान्यां यांनी विकसित केलेल्या 'अ‍ॅक्वालंग'मुळे या साधनाला आजचे रूप मिळाले.

या साधनाचा प्राण म्हणजे 'रेग्युलेटर'. त्याचे दोन भाग असतात. टाकीच्या तोंडाशी बसणारी 'फर्स्ट स्टेज' हवेचा प्रचंड दाब उतरवते. तोंडात धरायची 'सेकंड स्टेज' श्वास घेताच भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाची हवा पुरवते. याखेरीज बहुधा पिवळ्या रंगाची आणखी एक सेकंड स्टेज जोडलेली असते. तिचे नाव 'ऑक्टोपस'. जोडीदाराची हवा संपल्यास ती त्याला द्यायची असते, म्हणून ती चटकन दिसणे महत्त्वाचे.

डोळ्यांवरच्या साधनाला 'गॉगल' म्हणण्याची चूकही सर्रास होते. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहते. डायव्हिंगच्या 'मास्क'मध्ये ते आत असते, कारण खोल जाताना नाकातून थोडी हवा सोडून मास्कमधील दाब वाढवावा लागतो. गॉगलमध्ये ती सोय नसल्याने डोळ्यांना इजा होऊ शकते.

अंगावरच्या हवा भरता येणाऱ्या जाकिटाला 'बीसीडी' म्हणतात. ते 'लाइफ जॅकेट' नव्हे. त्याच्या नळीवर हवा भरण्याचे आणि सोडण्याचे अशी दोन बटणे असतात. गोंधळून चुकीचे बटण दाबल्यास पाणबुड्या वेगाने वर फेकला जाऊ शकतो. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना हवेचे आकारमान दुप्पट होते. अशा वेळी श्वास रोखून धरल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते.

पाण्याखाली बोलता येत नाही, चुकीचा शब्द दुरुस्त करता येत नाही. तेथे अंगठा वर करण्याचा अर्थही 'सारे ठीक' असा नसून 'वर चला' असा होतो. त्यामुळे बोटीवर असतानाच प्रत्येक वस्तूचे नाव आणि काम प्रशिक्षकाकडून नीट समजून घेणे हिताचे.